हिवाळी गप्पा आणि वाचकाचा कान

मराठी समीक्षेत लेखकाविषयी भरपूर लिहिले गेले आहे, साहित्यकृतीविषयी त्याहून अधिक, आणि गेल्या काही दशकांत वाचकाविषयीही सिद्धान्ताच्या अंगाने बरीच चर्चा झाली आहे. परंतु जो एकट्याने वाचून थांबत नाही, वाचलेले चार ओळखीच्या माणसांत बोलल्याशिवाय ज्याला चैन पडत नाही, अशा बोलणाऱ्या वाचकाची दखल आपल्या समीक्षेने क्वचितच घेतली. त्याला आपण 'रसिक' म्हणून गौरवतो आणि सभागृहातील खुर्चीवर बसवून ठेवतो. किंवा 'चाहता' म्हणतो आणि किंचित हसतो. प्रस्तुत लेखात आम्हांला या चाहत्याची बाजू मांडायची आहे. एखाद्या कवीच्या वा कादंबरीच्या प्रेमापोटी वर्षानुवर्षे एकत्र येणाऱ्या माणसांच्या गप्पा हे साहित्यव्यवहाराचे मूलभूत अंग आहे, आणि साहित्य शिकवणाऱ्या विभागांनी त्याकडे पाठ फिरवल्याने आपल्या विद्यार्थ्यांचे मोठे नुकसान होत आहे, असे आमचे म्हणणे आहे. ते मांडण्यासाठी खानदेशाबाहेर जाण्याची गरज नाही.

आम्ही दोघे मराठीचे अध्यापक आहोत. एक जळगावात शिकवते, दुसरा धुळ्यात. खानदेशाचा उन्हाळा साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे, पण इथला हिवाळा बाहेरच्यांना सहसा माहीत नसतो. पारा एक आकडी होतो, कपाशीची वेचणी उरकत येते, आणि चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवला की चातुर्मासात वर्ज्य असलेले वांगे घरोघरी परत येते. मग शेताशेतांतून भरिताच्या पंगती सुरू होतात. जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्यामुळे त्याची कीर्ती आता दूरवर गेली आहे. फिकट हिरवी, मोठाली वांगी कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्यांवर भाजायची, साल काढून लाकडी भांड्यात कुटायची, मिरची-लसणाची फोडणी आणि कांद्याची पात घालायची, सोबत कळण्याची पुरी किंवा भाकरी. हे सगळे व्हायला दोन-अडीच तास लागतात आणि या वेळात जाळाभोवती बसून बोलण्याखेरीज दुसरे काही करता येत नाही. आमच्या मते या पदार्थाची खरी थोरवी त्याच्या चवीइतकीच या सक्तीच्या फुरसतीत आहे.

अशाच एका पंगतीत आम्ही गेली अनेक वर्षे जात आलो आहोत. चंपाषष्ठी ते रथसप्तमी या काळात तीन-चार रविवारी ही मंडळी जमतात. त्यांत शेतकरी आहेत, एक निवृत्त आरोग्यसेवक आहेत, एस. टी.तून निवृत्त झालेले एक वाहक आहेत, बियाण्यांचा दुकानदार आहे, दोन शिक्षिका आहेत आणि आमचे चार-दोन विद्यार्थी. अध्यक्ष नाही, विषय ठरलेला नाही, आभारप्रदर्शन नाही. खानदेशाशी नाते असलेल्या लेखकांचे चाहते एवढीच सर्वांची ओळख. कोणी बालकवींचा, कोणी ना. धों. महानोरांचा, कोणी नेमाड्यांचा. आणि बहिणाबाईंचे तर सगळेच.

या गप्पांत जे घडते त्याचे एक-दोन दाखले देणे आवश्यक आहे. ३ ऑगस्ट २०२३ रोजी महानोर गेले. त्यानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात अर्थातच त्यांच्याविषयी बोलणे निघाले. कोणी 'रानातल्या कविता'मधील आठवतील त्या कविता म्हटल्या, कोणी 'जैत रे जैत'ची गाणी. तेवढ्यात वांगी उलथवत असलेल्या एका शेतकऱ्याने विचारले, "दादा, या रानात पाऊस आहे, पाखरं आहेत, पीक आहे, पिकाचा भाव का नाही?" क्षणभर सारे गप्प झाले. मग वाहककाकांनी उत्तर दिले, की महानोरांनी भाव आणि पाणी विधान परिषदेत बोलून दाखवले. जे कवितेत मावत नव्हते ते त्यांनी भाषणात सांगितले. त्यावर शेतकऱ्याचा प्रतिप्रश्न : "पण मावत का नव्हतं?" पुढे तासभर वाद झाला. एकच माणूस कवितेत एक भाषा आणि सभागृहात दुसरी भाषा का वापरतो, निसर्गकविता म्हणून मराठीत रूढ झालेल्या साच्याने शेतकरी कवीला काय दिले आणि त्याच्याकडून काय काढून घेतले, हे प्रश्न तिथे उभे राहिले. महानोरांवरील जे प्रबंध आमच्या वाचनात आले, त्यांत हा प्रश्न इतक्या सरळपणे विचारलेला आम्हांला आढळला नाही.

दुसरा दाखला 'कोसला'चा. ही कादंबरी १९६३ साली आली. तिच्यावर एवढे लिहिले गेले आहे की नवे काही म्हणायला जागा नाही असे वाटावे. आमच्यातील एक गृहस्थ दरवर्षी तिच्यातील मनीच्या मृत्यूचा भाग वाचायला घेतात आणि अर्ध्यावर थांबतात. बाकीचे त्यांना चिडवतात, पण पुस्तक कोणी हातातून घेत नाही. एका वर्षी आरोग्यसेवक बोलले. देवीची लस टोचायला गावात गेले की आयाबाया पोरांना कणगीमागे लपवत, दार उघडत नसत, आणि महिन्याभराने त्यांतल्याच एखाद्या घरातून रडणे ऐकू येई, असे त्यांनी सांगितले. ते कादंबरीवर एक अक्षरही बोलले नाहीत. मात्र त्या दिवसापासून आम्हांला त्या प्रकरणातील पांडुरंगाचा संताप केवळ अस्तित्वाविषयीचा वाटेनासा झाला. घरावर, वडिलांवर, एका सबंध व्यवस्थेवर रोखलेला तो संताप अधिक स्पष्ट दिसू लागला. वर्गात आम्ही आता ते प्रकरण वेगळ्या रीतीने शिकवतो.

या गप्पांना बळ कशाने येते? आमच्या समजुतीप्रमाणे ते येते माणसे नेहमीची असल्यामुळे. चर्चासत्रात आपण एकदा बोलतो आणि प्रमाणपत्र घेऊन निघतो. आपले म्हणणे पुढच्या वर्षी कोणी आठवून देत नाही. इथे मात्र "गेल्या पौषात तुम्ही उलटं म्हणत होता" असे ऐकवणारा माणूस समोरच बसलेला असतो. मतभेदाची भीती नसते, कारण भांडण झाले तरी पुढच्या रविवारी वांगी भाजायची असतात. आणि मत बदलायची लाजही नसते, कारण बदल पाहणारे आपलेच असतात. समीक्षेला लागणारी सलगता, स्मरण आणि निर्भयता ही इथे स्नेहातून येते.

हा केवळ आमच्या शेतातला अनुभव असता तर त्यावर लेख लिहिण्याचे कारण नव्हते. खानदेशाचा वाङ्मयीन इतिहास पाहिला तर चाहत्यांच्या मेळ्यांनीच तो घडवला आहे असे दिसते. नारायण नरसिंह फडणीस यांनी १८८७ साली जळगावहून 'काव्यरत्नावली' हे केवळ कवितेला वाहिलेले मासिक सुरू केले. पुण्या-मुंबईपासून दूरच्या एका गावातून कवितेचे मासिक अनेक वर्षे चालते, केशवसुतांसारखा कवी त्यात लिहितो, याचा अर्थ त्यामागे कवितेवर जीव टाकणाऱ्या नियमित वाचकांचे जाळे होते. त्याच जळगावात १९०७ साली कविसंमेलन भरले. धरणगावचा त्र्यंबक बापूजी ठोंबरे नावाचा कोवळा मुलगा तिथे उभा राहिला, आणि अध्यक्ष डॉ. का. र. कीर्तिकर यांनी त्याला 'बालकवी' म्हणून गौरवले. कीर्तिकर हे पेशाने वैद्यक आणि वनस्पतिशास्त्रातले जाणकार. म्हणजे मराठीतील एका श्रेष्ठ निसर्गकवीचे बारसे साहित्याच्या प्राध्यापकाने केले नाही. वनस्पतींवर आणि कवितेवर सारखेच प्रेम करणाऱ्या एका चाहत्याने केले. पुढे रेव्हरंड टिळक आणि लक्ष्मीबाई यांच्या घरात या मुलाला आसरा मिळाला तोही त्याच स्नेहाचा विस्तार होता.

धुळ्याचे उदाहरण याहून बोलके आहे. २१ फेब्रुवारी १९३२ पासून १९ जून १९३२ पर्यंत, दर रविवारी, धुळ्याच्या तुरुंगात विनोबा गीतेवर बोलले. अठरा रविवार, अठरा अध्याय. विनोबा बोलून मोकळे झाले. ती प्रवचने आज 'गीताप्रवचने' या पुस्तकात आपल्याला वाचता येतात ती साने गुरुजींनी ती लिहून घेतली म्हणून. गुरुजी स्वतः लेखक होते, पण त्या अठरा रविवारी त्यांनी स्वतःकडे श्रोत्याचे काम घेतले. बहिणाबाईंची कथा तर सर्वांना पाठ आहे. अक्षरओळख नसलेली ही बाई शेतात, चुलीपाशी, जात्यावर गात राहिली. मुलगा सोपानदेव आणि त्यांचे मावसभाऊ पितांबर चौधरी यांनी ती गाणी टिपून ठेवली. ३ डिसेंबर १९५१ रोजी, अशाच एका हिवाळ्यात, त्या वारल्या. नंतर सोपानदेवांनी संकोचत ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली आणि १९५२ साली अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तक निघाले. अत्र्यांची प्रस्तावना आपण महत्त्वाची मानतो, आणि ती आहेच. पण त्याआधी घरातल्या दोन मुलांनी, हे काहीतरी जपण्यासारखे आहे, असे ओळखून कान दिला होता. तो कान नसता तर प्रस्तावना कशाला लिहायची होती?

लिहिणारा आणि परीक्षण करणारा या दोघांच्या मध्ये ऐकणारा उभा असतो, आणि तो नसला तर पहिले दोघे निरुपयोगी ठरतात. वि. का. राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात वारले. त्यांनी जमवलेल्या कागदांसाठी १९२७ मध्ये या शहराने राजवाडे संशोधन मंडळ उभे केले. कागद जपण्याची एवढी मोठी परंपरा असलेल्या प्रदेशात बोलणे जपण्याची व्यवस्था मात्र उभी राहिली नाही. बोलणे हे पुरावा म्हणून हलके, असे आपण गृहीत धरले.

या गृहीतकाची किंमत आज आमचे विद्यार्थी मोजत आहेत. एम. ए.च्या मौखिक परीक्षेत आम्ही कधी कधी विचारतो, की अभ्यासक्रमातले कोणते पुस्तक तुम्हांला आवडले? बहुतेकांचा चेहरा गोंधळतो. हा प्रश्न मार्गदर्शिकेत नसतो. मग आशय, अभिव्यक्ती, भाषाशैली असे तीन मथळे सुरू होतात. ज्या मुलाची बोली अहिराणी किंवा लेवा आहे, जो मित्रांत तासन्‌तास रंगून बोलतो, त्याला कवितेसमोर उभे केले की तो परक्या भाषेत पाठांतर म्हणू लागतो. याच मुलांपैकी एकजण पंगतीला आला होता. महानोरांची एक कविता ऐकून तो हळूच म्हणाला, "हाई कविता मन्हा बापनी शे." आणि बाप पहाटे विहिरीवर जाताना स्वतःशी काय पुटपुटतो ते त्याने सांगितले. एवढे नेमके वाङ्मयीन विधान त्याने आमच्या वर्गात दोन वर्षांत केले नव्हते. दोष त्याचा नव्हता. वर्गाची रचनाच अशी आहे की 'मन्हा बापनी' या शब्दांना तिथे गुण नाहीत.

अध्यापकांचीही स्थिती निराळी नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१० च्या नियमावलीने अध्यापकांच्या कामाला गुणांची मोजपट्टी लावली, आणि निबंधवाचन ही गरज झाली. नियम पुढे बदलले, सवय मात्र राहिली. आमच्या विद्यापीठाची स्थापना १९९० ची. २०१८ मध्ये त्याला बहिणाबाईंचे नाव देण्यात आले, याचा आम्हांला अभिमान आहे. पण जिला लिहिता-वाचता येत नव्हते तिचे नाव धारण करणाऱ्या विद्यापीठात केवळ लिहिलेल्यालाच गुण मिळावेत, ऐकण्याला आणि बोलण्याला काहीच नसावे, ही विसंगती आपल्याला टोचायला हवी. फेब्रुवारी २०२४ मध्ये अमळनेरला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले आणि त्याच गावात विद्रोही साहित्य संमेलनही भरले. दोन्हीकडे गर्दी होती. दोन्ही मांडवांत आम्हांला सर्वांत अर्थपूर्ण बोलणे ऐकू आले ते मंचापासून दूर, चहाच्या टपरीपाशी. मांडव आवश्यकच आहेत. परंतु मांडव उठल्यावर त्या टपरीवरच्या बोलण्याचे काय होते, हे कोणी पाहायचे?

आमच्या भूमिकेवर घेतले जाणारे आक्षेप आम्हांला ठाऊक आहेत, आणि ते क्षुल्लक नाहीत. पहिला आक्षेप असा, की चाहतेपण हे भक्तीच्या दिशेने जाते आणि भक्ती चिकित्सेला मारते. हे खरे आहे. आपल्या लेखकाविरुद्ध शब्द निघताच अंगावर धावून जाणारे चाहते आम्हीही पाहिले आहेत. पण असे चाहते बहुधा एकमेकांना न ओळखणाऱ्या गर्दीत असतात. समोरासमोर, वर्षानुवर्षे बसणाऱ्यांत भक्ती फार काळ टिकत नाही. कोणीतरी पिकाचा भाव विचारतोच.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. या पंगतीत कोण बसते? शेतातली पंगत परंपरेने पुरुषांची. भरीत कुटणे पुरुषांचे मिरवायचे काम आणि पुऱ्या लाटणे बायकांचे न दिसणारे. आमच्यातील जी अध्यापिका आहे तिला पहिल्या दोन हिवाळ्यांत "ताई, पुऱ्यांकडे बघता का जरा?" हे वाक्य दर रविवारी ऐकावे लागले. तिसऱ्या वर्षी तिने भांडून कढईच जाळाजवळ आणवली. त्यानंतर लाटणाऱ्या बायका बोलण्यात आल्या, आणि त्यांतल्या एकीने एकदा सर्वांना सुनावले, "बहिणाबाईला तुम्ही तत्त्वज्ञ करून टाकलं. तिशीत नवरा गेलेल्या बाईला शेत कोणी कसू दिलं, भाऊबंद कसे वागले, ते विचारा की." बहिणाबाईंच्या अभ्यासाला ही सूचना आजही लागू आहे. कढई दूर राहिली असती तर ती आम्हांला ऐकू आली नसती.

जातीचेही तसेच. कोणाच्या शेतात कोण जेवायला बसते, हे खानदेशात अजून आपोआप ठरते. पुस्तकाच्या निमित्ताने ही चाकोरी मोडू शकते, पण ती मोडण्यासाठी मुद्दाम बोलवावे लागते, आणि पंगतीला बोलावलेल्याला बोलायलाही द्यावे लागते. १९९८ पूर्वी धुळे जिल्ह्यातच असलेल्या शहादा भागातील कवी वाहरू सोनवणे यांची 'स्टेज' ही कविता नेमकी याच अनुभवाची आहे : आपले दुःख मंचावरून दुसरेच सांगतात आणि ज्यांचे दुःख ते खाली ऐकत राहतात. चाहत्यांच्या गप्पांना मंच नसतो हे त्यांचे बळ. परंतु मंच नाही म्हणून सर्वांना आवाज आहे असे समजणे भाबडेपणाचे होईल. तेव्हा या आक्षेपाचे उत्तर गप्पा सोडून देणे हे नसून वर्तुळ मोठे करणे हे आहे.

तिसरा आक्षेप आमचे सहकारी घेतात : गप्पा या गप्पाच, त्यांत पद्धतशीरपणा नाही, संदर्भ नाहीत. मान्य आहे. गप्पांतून प्रबंध होत नाही. पण प्रबंधाला लागणारा प्रश्न गप्पांतून येतो. आपल्याकडे पद्धतीची टंचाई नाही, प्रश्नांची आहे.

म्हणून आमची सूचना साधी आहे. प्रत्येक मराठी विभागाने हिवाळ्यातले तीन-चार रविवार राखून ठेवावेत. सभागृहात नव्हे, जमिनीवर, गोलात. ठरलेले पाहुणे, हारतुरे, प्रमाणपत्रे नसावीत. महाविद्यालयाबाहेरचे वाचक त्यांत निम्म्याहून अधिक असावेत आणि तेच ते दर वेळी यावेत. बोली बोलण्यावर बंधन तर नसावेच, उलट तिचे स्वागत असावे. आणि प्रत्येक विद्यार्थ्याने एका रविवारचे टिपण करावे : कोण काय म्हणाले, कोणाच्या कोणत्या शब्दाने वळण आले, कोण गप्प राहिले. नव्या शैक्षणिक धोरणाने क्षेत्रप्रकल्पाला श्रेयांक दिले आहेत. त्यांतले काही या टिपणांना द्यावेत. टिपण करणारा विद्यार्थी ऐकायला शिकेल, आणि ज्याला ऐकता येते त्याला पुढे वाचताही नीट येते, असा आमचा अनुभव आहे.

ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. त्या निमित्ताने शिलालेख, ग्रंथ, प्राचीनता यांची भरपूर उजळणी झाली आणि ती योग्यच होती. परंतु आज, या हिवाळ्यात, एखाद्या बांधावर कोणी बाई पुरी लाटताना कवितेविषयी जे बोलून जाते, ते टिपायला सोपानदेवांसारखा कोणी जवळ आहे काय, हा प्रश्नही भाषेच्या भवितव्याचाच आहे. तो कान तयार करणे हे आपले, म्हणजे शिकवणाऱ्यांचे, काम आहे. पऱ्हाट्या अजून शेतात उभ्या आहेत; चंपाषष्ठीही दर वर्षी येतेच. सुरुवात करायला कोणत्याही परिपत्रकाची वाट पाहण्याचे कारण नाही.